बेस गिटारच्या तारा कशा निवडाव्यात?

गेल्या नाताळापूर्वी तीन आठवडे एका धर्मग्रामातील गायनवृंदाचे दोन युवक आपल्या प्रमुख धर्मगुरूंकडे अर्ज घेऊन आले. चर्चमधील बेस गिटारचा आवाज ‘बसला’ आहे, यास्तव नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यासाठी वर्गणी काढण्याची परवानगी मिळावी, असा त्या अर्जाचा आशय होता. योगायोगाने त्या दिवशी मी तेथे पाहुणा होतो. सेमिनरीत असताना मी गायनवृंदात बेस गिटार वाजवीत असे, हे त्या धर्मगुरूंना ठाऊक असल्यामुळे त्यांनी तो अर्ज माझ्यापुढे सरकवला. आम्ही सारे गायकांच्या सज्जात गेलो. गिटार उत्तम होती. अ‍ॅम्प्लिफायर जुना, परंतु ठणठणीत होता. तारांवरून बोट फिरवले, तेव्हा बोटाला तांबूस गंज लागला. या तारा कधी बदलल्या, असे विचारता दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ज्याने त्या लावल्या होत्या, तो नोकरीसाठी आखातात जाऊन सहा वर्षे लोटली होती.

वर्गणी टळली, तारा मागवायचे ठरले. परंतु कोणत्या तारा मागवायच्या, या प्रश्नाचे उत्तर त्या सज्जात कुणालाच नीट देता येईना. खुद्द मलाही सर्व आठवून पाहावे लागले. अनेक गायनवृंदांत कीबोर्ड आणि सहा तारांच्या गिटारच्या जोडीला आता बेस गिटार आली आहे, आणि ती बहुधा कुणातरी देणगीदाराच्या औदार्याने आलेली असते. गिटार घेताना चार दुकाने पालथी घातली जातात. तारा मात्र जो जाईल तो, जे मिळेल ते घेऊन येतो. वस्तुतः वाद्याच्या आवाजाचा मोठा भाग तारांवरच ठरतो.

प्रथम तार जाड का असते, हे समजून घेऊ. हा नियम मांडणारे एक संन्यस्त धर्मगुरूच होते, हे वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. मिनिम संघाचे फ्रेंच फादर मारें मर्सेन (१५८८-१६४८) यांनी १६३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तारेच्या कंपनांचे नियम दिले. तार जितकी लांब, तितका स्वर खाली. ओढ जितकी अधिक, तितका स्वर वर. आणि तार जितकी वजनदार, तितका स्वर पुन्हा खाली. मात्र ओढ व वजन यांचा परिणाम वर्गमुळाच्या प्रमाणात होतो. म्हणजे लांबी व ओढ तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली आणावयाचा असेल, तर तारेचे वजन दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागते.

हेच गणित बेस गिटारला लावून पाहू. तिच्या चार तारा खालून वर ई, ए, डी, जी अशा स्वरांत लावतात. खालची ई सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, तर वरची जी ९८ वेळा. दोहोंचे प्रमाण साधारण २.४ येते. चारही तारांची लांबी सारखीच आणि ओढही जवळपास सारखी हवी. यास्तव ई तारेचे वजन जीच्या साडेपाचपटीहून थोडे अधिक, व जाडी सुमारे २.४ पट हवी. आता बाजारातील संचाकडे पाहा. जी तार इंचाच्या ४५ सहस्रांशाएवढी जाड असेल, तर त्याच संचातील ई तार बहुधा १०० किंवा १०५ सहस्रांशांची असते. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीच्या नियमाशी हा मेळ पाहून माझ्यासारख्याला आजही कौतुक वाटते. दुकानदार ज्याला ‘गेज’ म्हणतात, ते हेच आकडे होत. पाकिटावर ‘४५-१०५’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ सर्वांत बारीक तार ४५ व सर्वांत जाड तार १०५, म्हणजे अनुक्रमे सव्वा मिलिमीटरहून किंचित कमी आणि पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास.

एवढी जाड तार एकसंध पोलादाची केली, तर ती सळईसारखी ताठ होईल आणि तिचे वरचे उपस्वर बेसूर निघतील. म्हणून मध्ये पोलादाची बारीक गाभातार ठेवतात आणि तिच्याभोवती दुसरी तार घट्ट गुंडाळतात. त्यामुळे वजन वाढते, परंतु लवचीकपणा राहतो. तारांच्या निवडीचा खरा प्रश्न या गुंडाळीतच आहे.

गुंडाळलेली तार गोल असेल, तर तिला राउंडवाउंड म्हणतात. तिच्यावर बोट फिरवले की बारीक आटे असलेल्या स्क्रूसारखा खडबडीतपणा जाणवतो. आवाज उजळ, धातूसारखा खणखणीत, आणि स्वर दीर्घकाळ टिकणारा. गुंडाळी चपट्या पट्टीची असेल, तर ती फ्लॅटवाउंड. ती हाताला काचेसारखी गुळगुळीत लागते. तिचा आवाज मऊ, गोलसर आणि किंचित दबका असतो, म्हणून तो उभ्या मोठ्या डबल बेसची आठवण करून देतो. या दोहोंच्या मधले स्थान हाफवाउंडचे आहे. तिच्यात गोल तार गुंडाळून वरून घासून अर्धवट सपाट करतात. पोलादी तारेवर नायलॉनची, बहुधा काळी, पट्टी गुंडाळलेली टेपवाउंड तारही मिळते. तिचा आवाज सर्वांत मऊ.

बेस गिटारचा इतिहास या दोन मुख्य प्रकारांच्या इतिहासाहून वेगळा काढता येत नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली, तेव्हा डबल बेस वाहून नेऊन थकलेल्या वादकांना ती वरदान वाटली. त्या काळी तिच्यावर फ्लॅटवाउंड ताराच असत, आणि आवाजही डबल बेससारखाच अपेक्षित असे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांवर जेम्स जेमरसन (१९३६-१९८३) यांची बेस ऐकू येते. त्यांची गिटार १९६२ सालची प्रिसिजन होती आणि तिच्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते वाजवीत, आणि तार तुटल्याखेरीज ती बदलण्याच्या भानगडीत पडत नसत. जुन्या, मळलेल्या फ्लॅटवाउंड तारेचा तो भरदार ‘धम्’ त्यांना हवाच होता.

इंग्लंडमध्ये याच्या नेमके उलट घडले. ‘द हू’ या वाद्यवृंदाचे जॉन एन्टविसल यांना बेसचा आवाज पियानोच्या खालच्या सुरांसारखा झणझणीत हवा होता. १९६५ मधील त्यांच्या ‘माय जनरेशन’ या गाण्यात बेस गिटारचे स्वतंत्र वादन आहे. त्यासाठी डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या गिटारवरील बारीक तारा त्यांना आवडल्या. परंतु त्या तुटत, आणि सुट्या तारा इंग्लंडमध्ये मिळत नसल्यामुळे प्रत्येक वेळी नवी गिटारच विकत घ्यावी लागे, असे सांगतात. पुढे १९६६ मध्ये रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून त्यांनी आपल्याला हव्या तशा राउंडवाउंड तारा करवून घेतल्या, आणि तो आवाज जगभर पसरला. आज दुकानातून नवी गिटार घ्याल, तर तिच्यावर बहुतेक वेळा राउंडवाउंड ताराच चढवलेल्या असतात. आपल्या युवकांच्या कानांत तोच आवाज बसला आहे. फ्लॅटवाउंड ऐकली की ‘फादर, ही जुनी वाटते’, असे ते म्हणतात. जेमरसन ऐका, एवढेच मी त्यांना सांगतो.

आता धातूविषयी. येथेच आमची फसगत झाली. युवकांनी शहरातील एका दुकानातून जो संच आणला, त्याच्या तारा सुंदर सोनेरी दिसत होत्या. त्या चढवल्या, तर आवाज पहिल्यापेक्षाही क्षीण! अखेर धर्मग्रामातीलच एका वयोवृद्ध वादकाला बोलावणे धाडले. तारुण्यात त्यांनी मुंबईत लग्नांच्या बँडमध्ये व हॉटेलांत बेस वाजवली आहे. त्यांनी तारेकडे नुसते पाहिले आणि म्हणाले, “फादर, ह्या ब्रॉन्झच्या तारा आहेत. ह्या पोकळ गिटारला लावतात. आपल्या गिटारला कान नाहीत, तिला लोहचुंबक आहे.”

काकांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. विद्युत गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या अत्यंत बारीक तारेचे वेटोळे. चुंबकाला ओढली जाणारी तार त्याच्यासमोर हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. ब्रॉन्झला चुंबक ओढत नाही. त्यामुळे अशा तारेतील पोलादी गाभाच काय तो पिकअपला ‘दिसतो’, वरची जाड गुंडाळी जवळजवळ अदृश्य राहते. पोकळ लाकडी बेस गिटारचा आवाज लाकडातून बाहेर येतो, म्हणून तेथे ब्रॉन्झ उत्तम. विद्युत बेससाठी मात्र पोलाद किंवा निकेल हवे. त्यातही निकेलचा मुलामा दिलेले पोलाद सर्वाधिक प्रचलित व समतोल. स्टेनलेस स्टील अधिक उजळ आणि गंजाला अधिक तोंड देणारे, परंतु कठीण असल्यामुळे फ्रेट लवकर झिजवणारे. शुद्ध निकेल मऊ आवाजाचे. पाकिटावर ‘अ‍ॅकूस्टिक’ किंवा ‘ब्रॉन्झ’ असा शब्द दिसला, तर ते पाकीट विद्युत बेससाठी घेऊ नये.

तारेची लांबी हा दुसरा चकवा आहे. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजून त्याची दुप्पट करावी. ३४ इंच आले, तर गिटार ‘लाँग स्केल’ची, बहुसंख्य गिटारी याच मापाच्या असतात. ३० इंच आले, तर ‘शॉर्ट स्केल’; व्हायोलिनच्या आकाराची प्रसिद्ध हॉफनर याच मापाची आहे, आणि लहान मुलांच्या हातांनाही हेच माप सोयीचे. लांब मापाची तार लहान गिटारवर चढवली, तर तिचा पूर्ण जाडीचा भाग खुंटीभोवती वळवावा लागतो आणि गुंडाळी तेथेच सैल होऊ शकते. लहान मापाची तार मोठ्या गिटारवर चढवू गेल्यास तिचे निमुळते टोक नटच्या अलीकडेच येते. काही गिटारींत तार ब्रिजमध्ये न अडकवता पाठीमागून लाकडातून ओवतात. त्यांना थोडी अधिक लांबी लागते. पाच तारांच्या गिटारसाठी पाच तारांचाच संच घ्यावा. तिची खालची बी तार सेकंदाला जेमतेम ३१ वेळा कंप पावते व १२५ ते १३० गेजची असते.

गेजविषयी फार चर्चा होते, इतकी आवश्यकता नाही. ४५-१०० किंवा ४५-१०५ हा मध्यम संच बहुतेकांस योग्य. नुकतीच सुरुवात करणाऱ्या मुलामुलींची बोटे दुखत असतील, तर ४०-९५ घ्यावा. जाड संचाने आवाज भरदार होतो, पण ओढही वाढते. चार तारांची मिळून ओढ गेजनुसार साधारण ७० ते ९० किलोंच्या दरम्यान असते, आणि एवढा भार ती लाकडी मान अहोरात्र सोसत असते. म्हणून गेज बदलला की मान किंचित वाकते किंवा सरळ होते, फ्रेटवर तार खरखरू लागते, आणि मानेतील लोखंडी दांडा, म्हणजे ट्रस रॉड, थोडा फिरवून घ्यावा लागतो. हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

राउंडवाउंड की फ्लॅटवाउंड, या प्रश्नाचे उत्तर वाद्य कोठे वाजणार आहे, यावर अवलंबून आहे. उंच छताच्या, दगडी भिंतींच्या चर्चमध्ये प्रत्येक ध्वनी रेंगाळतो. राउंडवाउंड तारेचा स्वर मुळातच दीर्घ असतो. त्यात इमारतीचा प्रतिध्वनी मिसळला की एक स्वर संपण्यापूर्वी दुसरा येऊन आदळतो आणि खाली नुसता गडगडाट उरतो. शिवाय खडबडीत तारेवरून बोट सरकताना ‘चर्र’ असा आवाज होतो. पंडालात तो कुणाच्या लक्षात येत नाही, परंतु कम्युनियननंतरच्या संथ गीतात तो थेट स्पीकरमधून ऐकू येतो. १९६७ च्या ‘म्युझिकाम साक्राम’ या सूचनापत्रात वाद्यांनी गाणाऱ्या आवाजांना आधार द्यावा, शब्द समजणे अवघड व्हावे इतके त्यांना झाकून टाकू नये, असे सांगितले आहे. या दृष्टीने पाहता फ्लॅटवाउंडचा स्वर लवकर शांत होतो, तिच्यात उंच उपस्वर कमी असतात, आणि शब्दांतील व्यंजनांशी ती स्पर्धा करीत नाही. गायनवृंदासाठी माझा कौल तिलाच आहे.

तथापि एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ४१ कंपनांचा स्वर लहान स्पीकरमधून बाहेर येतच नाही. आपल्याला तो ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण कान उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखतो. फ्लॅटवाउंडमध्ये उपस्वरच कमी. त्यामुळे सहा किंवा आठ इंची स्पीकरवर ती बिचारी हरवून जाते. बारा किंवा पंधरा इंची स्पीकर नसेल, तर निकेलची राउंडवाउंड किंवा हाफवाउंड घेणे शहाणपणाचे. राउंडवाउंड नवी असताना जी किणकिण करते, ती दोन-तीन आठवड्यांच्या सरावानंतर बरीच निवते. म्हणून नवी राउंडवाउंड तार सणाच्या आदल्या दिवशी चढवू नये. मैदानातील कार्यक्रम, लग्नाचे रिसेप्शन, युवा महोत्सव यांत भिंतीच नसतात. तेथे राउंडवाउंडला पर्याय नाही.

फ्रेट नसलेल्या बेसविषयी थोडक्यात. तिच्या उघड्या लाकडाला राउंडवाउंड तारा कानशीसारख्या घासतात, म्हणून तेथे फ्लॅटवाउंड किंवा टेपवाउंडच लावाव्यात. याला सर्वांत मोठा अपवाद जॅको पास्टोरियस (१९५१-१९८७). लहानपणी फ्लॉरिडातील आपल्या चर्चमध्ये वेदीसेवक असलेल्या या अवलिया वादकाने लाकडावर इपॉक्सीचा कठीण थर दिला आणि राउंडवाउंड तारांतून गाणारा आवाज काढला. आपण तो प्रयोग चर्चच्या गिटारवर करू नये.

आपल्या किनारपट्टीच्या हवेचा विचार बाहेरची पुस्तके करीत नाहीत. खारा वारा, पावसाळ्यातील ओल आणि वादकाच्या बोटांचा घाम यांमुळे तार लवकर गंजते. राउंडवाउंडच्या फटींत मळ साचतो, तिचे वजन ठिकठिकाणी असमान होते, कंपने मंदावतात आणि वरच्या फ्रेटवर सूर जुळेनासा होतो. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर यांची तुलना करावी. ब्रिज नीट लावलेला असूनही दोन्ही जुळत नसतील, तर तार निकामी झाली असे समजावे. बेसच्या तारा क्वचितच तुटतात, आणि तुटत नाहीत म्हणूनच त्या बदलण्याचे कुणाला सुचत नाही.

जुन्या राउंडवाउंड तारा पाण्यात उकळून पुन्हा लावण्याची युक्ती वादकांत प्रसिद्ध आहे. मळ निघाल्यामुळे आवाज काही दिवस उजळतो, परंतु गंज आणि धातूचा थकवा पाण्याने जात नाही. लावण्यापूर्वी तार पूर्ण वाळवली नाही, तर आतून गंज अधिकच चढतो. त्यापेक्षा वाजवण्यापूर्वी हात धुणे आणि वाजवल्यानंतर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून व खालून पुसणे, हे दोन मिनिटांचे काम अधिक उपयोगी. प्लास्टिकसदृश पातळ थर दिलेल्या तारा मिळतात, त्या महाग असल्या तरी दमट हवेत अधिक टिकतात. फ्लॅटवाउंडच्या सपाट पृष्ठभागावर मळाला जागा कमी, म्हणून ती वर्षानुवर्षे चालते. आरंभी तिची किंमत जास्त वाटते. बेसच्या कोणत्याही तारा सहा तारांच्या गिटारच्या संचापेक्षा कित्येक पट महाग असतात. परंतु राउंडवाउंड दरवर्षी बदलण्याचा खर्च मांडला, तर धर्मग्रामाच्या खजिनदारांना फ्लॅटवाउंडच स्वस्त पडेल.

तारा चढवताना चारही एकदम काढू नयेत. एक काढावी, एक लावावी, म्हणजे मानेवरील भार अचानक उतरत नाही. खुंटीच्या पुढे साधारण दहा-बारा सेंटिमीटर तार ठेवावी, प्रथम ती काटकोनात वाकवावी आणि मगच कापावी. न वाकवता कापल्यास गुंडाळी आतल्या गाभ्यावरून सुटू शकते. वेढे दोन किंवा तीन, वरून खाली. नवी तार हलक्या हाताने ओढून पुन्हा सुरात लावावी, असे दोन-चार वेळा केले की ती स्थिरावते.

त्या धर्मग्रामात अखेरीस काय झाले, ते सांगायचे राहिले. सोनेरी तारा दुकानदाराने परत घेतल्या नाहीत. त्या शेजारच्या एका युवकाने आपल्या पोकळ बेस गिटारसाठी अर्ध्या किमतीत नेल्या. सज्जातील स्पीकर पंधरा इंची असल्यामुळे काकांच्या सल्ल्याने ४५-१०५ च्या फ्लॅटवाउंड तारा आणल्या आणि नाताळच्या आधीच्या शनिवारी आम्ही त्या चढवल्या. वाजवणारा मुलगा पहिल्या सरावाला थोडा नाराज होता. त्याच्या सवयीचा खणखणाट गेला होता. काकांनी त्याला सज्जातून खाली पाठवले, गिटार स्वतः हाती घेतली आणि गायनवृंदाला तेच गीत पुन्हा गायला सांगितले. मुलगा शेवटच्या बाकापर्यंत चालत गेला, थोडा वेळ उभा राहिला आणि परत आल्यावर त्याने अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज स्वतःच एक घर कमी केला. रिकाम्या पाकिटावर त्याने पेन्सिलीने तारीख लिहून ते गिटारच्या पेटीत ठेवले आहे.